शंभर अंड्यांचा नवस

"दिसलं नाही तर डोळे झाकायचे. दोन्ही हातांनी, सगळ्यांना दिसेल असे. आणि त्याची लाज वाटून घ्यायची नाही. कळलं?"

गानू सरांचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात बॅडमिंटनची एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती आणि आम्ही वीसेक लाइन जज सकाळी साडेसातला निळे कोट घालून सरांपुढे रांगेत उभे होतो. शटल रेषेच्या आत पडलं की बाहेर, एवढंच सांगायचं आमचं काम. बाहेर पडलं तर दोन्ही हात पसरून मोठ्यानं 'आउट' म्हणायचं. आत पडलं तर तोंडातून अक्षर काढायचं नाही, नुसता उजवा हात रेषेकडे करायचा. आणि दिसलंच नाही, तर डोळ्यांवर हात.

"आमच्या आठल्ये बाईंना मात्र हे सांगायला नको," सर म्हणाले. "अकरा वर्षं बघतोय मी त्यांना, सांगलीच्या जिल्हा स्पर्धांपासून. बाईंनी एकदाही डोळे झाकलेले नाहीत."

सगळे माझ्याकडे वळून हसले. मी मान खाली घातली, पण आतून सुखावले. कोटाची बटणं उगाच पुन्हा लावली.

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. सांगलीत मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवत होते. पहाटेची आंघोळ, दत्ताची पूजा, गुरुवारचा उपास आणि खोटं न बोलण्याचा नेम, हे आई गेल्यापासून चालू होतं. त्या वर्षी लक्षवातींचं व्रतही घेतलं होतं. एक लाख फुलवाती स्वतःच्या हातानं वळून देवापुढे लावायच्या. त्यामुळे पर्समध्ये कायम कापसाची गुंडाळी आणि भस्माची डबी. माझा स्वभाव तसा गडबड्या नाही, आवाजही मोठा नाही, पण हात रिकामे राहिले की मला बसवत नाही. गाडीत, शिक्षकखोलीत, दवाखान्याच्या रांगेत, सगळीकडे मी वाती वळायची.

खेळाडूंशी सलगी करायची नाही, हा लाइन जजना पहिल्या दिवशी सांगितलेला नियम. पण मागच्या जिन्यावर बसू नका असा काही नियम नव्हता. दोन सामन्यांच्या मध्ये मी तिथे जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी तिथे आधीच कुणीतरी बसलेलं होतं. गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधलेली, केस आखूड, अंगावर थायलंडच्या संघाची जर्सी. मला बघून तिनं दोन्ही हात नाकापर्यंत नेऊन जोडले. मीही नमस्कार केला. मग ती जरा सरकली आणि म्हणाली, "सिट, खा."

मला वाटलं, काही खायला देतेय. मी म्हटलं, "नको, आज माझा उपास आहे."

ती गोंधळली. मग कळलं, त्यांच्याकडच्या बायका वाक्याच्या शेवटी आदरानं 'खा' लावतात. आम्ही दोघी खूप हसलो. तिचं इंग्रजी तोडकंमोडकं, माझं शाळेपुरतं. पण आमचं जे बोलणं झालं ते मी माझ्याच भाषेत लिहिते, कारण मला ते तसंच आठवतं.

तिचं खरं नाव विमोनरत. पण हाक मारायचं नाव ऑय.

"ऑय म्हणजे ऊस," ती म्हणाली. "लहानपणी बारीक होते ना, म्हणून."

"आमच्या सांगलीत सगळीकडे ऊसच आहे," मी म्हटलं.

"मग मी तुमच्याच गावची." तिनं माझ्या हाताकडे बोट दाखवलं. "हे काय करता?"

मी तिला व्रताचं सांगितलं. एक लाख म्हटल्यावर तिनं डोळे विस्फारले. मग कापसाचा पुंजका घेतला आणि माझं बघून वळायला लागली. पहिली वात घुबडासारखी झाली, दुसरी जरा बरी.

"माझी आईही नवस बोललीय," ती वळता वळता म्हणाली. "आमच्या गावच्या देवळात बुद्धाची मूर्ती आहे. नवस फेडायला तिथे उकडलेली अंडी वाहतात. आई शंभर अंडी बोललीय. माझं एक तरी विजेतेपद झालं की."

"एकही झालं नाही?"

"सात वेळा अंतिम सामना खेळले," ती म्हणाली. "सातही वेळा हरले."

मग ती आपली आपणच सांगत गेली. सहाव्या वर्षी वडिलांच्या भाताच्या गिरणीच्या अंगणात खेळायला लागली. एकटीनं खेळायला कधी आवडलंच नाही, पहिल्यापासून दुहेरीच. पहिली जोडीदार नुई. नऊ वर्षं दोघी एकत्र खेळल्या, एका खोलीत राहिल्या, एका ताटात जेवल्या. चार अंतिम सामने हरल्या. मग नुईचं लग्न झालं आणि ती खेळ सोडून गेली. पुढे संघाचे प्रशिक्षक जोडीदार बदलत राहिले. आता पाचवी, पिम, एकोणीस वर्षांची.

"पिम पुढे असते, मी मागे," ऑय म्हणाली. "तिला पाय आहेत, मला डोकं आहे. दोघींचं मिळून एक माणूस."

"आणि गुडघा?"

"तो कुणाचाच नाही." तिनं बर्फाची पिशवी जरा वर सरकवली. "पी नली, ही स्पर्धा जिंकलो तर मला आणखी एक वर्ष ठेवतील. नाहीतर परत गेल्या गेल्या बँकेत. खिडकीत बसायची नोकरी ठरलेली आहे. एकतीस वर्षांची झालेय मी. म्हातारी."

'पी' म्हणजे ताई. मी माझं नाव नलिनी सांगितल्यापासून ती मला पी नली म्हणायला लागली होती.

पुढचे दोन दिवस ती जिन्यावर यायची. फार बोलायचो नाही. ती चार-पाच वाती वळून माझ्या डबीत टाकायची आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून 'हं' करायची. त्यांची जोडी उपांत्यपूर्व जिंकली, उपांत्य जिंकली. मी त्या सामन्यांना दुसऱ्या कोर्टवर होते, पण तिकडून ओरडा आला की माझं लक्ष तुटायचं. एकदा तर सर्व्हिस सुरू झाल्याचंही कळलं नाही. शेजारच्या खुर्चीवरचा तांबे म्हणाला, "बाई, आज चित्त कुठे आहे?"

शनिवारी संध्याकाळी गानू सरांनी यादी लावली. महिला दुहेरी अंतिम सामना, मागची रेषा: आठल्ये.

मी सरांकडे गेले. ते एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पोह्यांची बशी घेऊन उभे होते.

"सर, जरा बोलायचं होतं."

"बोला, बाई."

"त्या थाई मुलीशी माझं थोडं बोलणं झालंय. जिन्यावर."

"बोलणं झालंय म्हणजे? लाच घेतलीत की काय?"

"अहो, काहीतरीच!"

"मग?" सर हसले. "बाई, मागच्या रेषेला मला तुमच्यासारखं माणूस लागतं. तिथे अंपायरला काही दिसत नाही. तुमच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवतो मी."

त्यांनी पोह्यांचा घास घेतला. मला पुढे सांगायचं होतं की मला ती जिंकावीशी वाटते, फार वाटते, मला तिथे बसवू नका. पण अकरा वर्षांचं कौतुक मध्ये आलं. मी "बरं सर" म्हणाले आणि निघाले.

रविवारी पहाटे पूजेला बसले. आम्हाला उतरायला दिलेल्या खोलीत, टेबलावर दत्ताचा छोटा फोटो. मंत्र म्हणता म्हणता मध्येच विसरले. असं कधी होत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा विसरले. शेवटी तसाच दिवा लावला. दिव्यात ऑयनं वळलेली ती घुबडासारखी वात होती.

अंतिम सामना इंडोनेशियाच्या जोडीशी होता. दोघी उंच, दोघींचे फटके ढोल वाजवल्यासारखे. माझी खुर्ची मागच्या रेषेच्या टोकाला, रेषेच्या अगदी सरळ समोर. खुर्चीत बसल्यावर वाती नाहीत, पर्स नाही, पाय हलवायचा नाही. हात मांडीवर ठेवायचे. माझी बोटं आपोआप एकमेकांवर घासत होती, जणू कापूस वळत होती. मी त्यांना दाबून धरलं.

पहिला गेम ऑयच्या जोडीनं एकवीस-सतरा घेतला. दुसरा सोळा-एकवीस गेला. तिसऱ्या गेमला अकरा गुणांवर बाजू बदलली आणि ऑय पुन्हा माझ्या टोकाला आली. आता ती माझ्यापासून चार हातांवर होती. तिचा श्वास ऐकू येत होता. प्रत्येक वेळी उजव्या पायावर उतरली की ती दातांतून हवा ओढायची. ती माझ्याकडे एकदाही बघत नव्हती, आणि तेच बरोबर होतं. मीही बघायला नको होतं. पण माझी नजर रेषेवरून सुटून तिच्या गुडघ्यावर जायची आणि मी ती पुन्हा ओढून आणायची.

अकरा-आठ. चौदा-चौदा. एकोणीस-अठरा. एकोणीस-एकोणीस.

मग पिमनं जाळ्याजवळ असा काही हलका स्पर्श केला की शटल पलीकडे नुसतं घरंगळलं. वीस-एकोणीस. आता एक गुण. एका गुणावर ऑयचं आणखी एक वर्ष, आईची शंभर अंडी, सात हरलेल्या सामन्यांनंतरचा आठवा.

पिमनं सर्व्हिस केली. फटके सुरू झाले. पंचवीस, तीस, किती झाले मला आठवत नाही. इंडोनेशियाची एक खेळाडू कोर्टच्या मधोमध वाकली आणि तिनं खालून उंच टोला मारला. शटल वर गेलं. फारच वर. छताच्या दिव्यांत शिरलं. ऑय मागे आली, रॅकेट वर धरली, वर बघत राहिली. शटल तिच्या डोक्यावरून मागे जात होतं. मला तिच्या मानेची शीर दिसली. आणि ऑयनं रॅकेट खाली घेतली. तिनं शटल सोडलं.

मी मनात म्हटलं, 'महाराज, बाहेर जाऊ दे.'

पडल्याचा आवाज आला. टप्.

आणि मला कळलं की मी डोळे उघडतेय.

म्हणजे ते मिटले होते. देवाचं नाव घेतलं की माझे डोळे मिटतात, लहानपणापासून. कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आईच्या मांडीवर बसून आरती म्हणायची तेव्हापासूनचं. ते मिटले आणि त्या तेवढ्या वेळात शटल पडलं होतं. मी पाहिलं तेव्हा ते रेषेच्या चार बोटं बाहेर होतं आणि अजून गडगडत होतं. बुचावर पडून ते कुठून कुठे गेलं, हे मला कुणी विचारलं असतं तर मी काय सांगणार होते?

अंपायर माझ्याकडे बघत होते. ऑय माझ्याकडे बघत होती. चार दिवसांत पहिल्यांदा कोर्टवर तिनं माझ्याकडे पाहिलं. माझे दोन्ही हात पसरायला उचलले गेले होते. 'आउट' जिभेवर आलं होतं. आणि त्याच क्षणी मनात आलं, नलिनी, हे तू पाहिलेलं नाहीस, तुला हवं आहे म्हणून बोलतेयस. लबाड. मग डोळ्यांवर हात न्यावेत म्हटलं, तर गानू सर समोरच्या कठड्याशी उभे होते. अकरा वर्षं.

मी उजवा हात रेषेकडे केला. आत.

पिम ओरडली. धावत अंपायरकडे गेली, रॅकेटनं जागा दाखवली. ऑय हलली नाही. तिनं एकदा त्या रेषेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग पिमला दंडाला धरून परत आणलं आणि तिच्या कानात काहीतरी बोलली. वीस-वीस. पुढचे दोन गुण कसे गेले ते मी पाहिलं, पण सांगता येणार नाही. वीस-बावीस.

ऑयनं समोरच्या दोघींशी हस्तांदोलन केलं, अंपायरला हात जोडले, सर्व्हिस जजला जोडले. आणि मग माझ्याकडे वळून मलाही जोडले. मी खुर्चीत बसून होते. माझे हात मांडीवरून उचललेच जाईनात.

कोट न काढता मी गानू सरांच्या खोलीत गेले.

"सर, शेवटून तिसरा गुण. मी पाहिलं नव्हतं."

त्यांनी चष्मा काढला. "काय म्हणताय?"

"माझे डोळे मिटलेले होते."

"झोप लागली? तुम्हाला?"

"नाही. प्रार्थना केली."

सरांनी चष्मा टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाले, "मी काय सांगितलं होतं? लाज वाटून घ्यायची नाही."

"वाटली, सर."

"निकाल बदलत नाही, बाई. कागदावर सही झाली. माझ्या अहवालात मी लिहीन, पण त्यानं काही होणार नाही." ते उठले आणि खिडकीपाशी गेले. "मी उगाच तुमचं इतकं कौतुक केलं."

जिन्यावर ऑय एकटीच होती. बर्फाची पिशवी बांधलेली, शेजारी उपविजेतेपदाची ढाल उलटी ठेवलेली. तिचे डोळे लाल होते, पण मला बघून तिनं सरकून जागा केली. मी बसले नाही.

"ऑय, मी ते शटल पाहिलं नव्हतं."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"माझे डोळे मिटलेले होते. मी खोटा हात दाखवला."

"का मिटलेले होते?"

मला रडू फुटलं. "तुझ्यासाठी प्रार्थना करत होते. शटल बाहेर जाऊ दे म्हणून."

तिला आधी समजलंच नाही. मी पुन्हा सांगितलं, हात जोडून, डोळे मिटून दाखवलं. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि ती हसायला लागली. इतकी हसली की बर्फाची पिशवी सुटून दोन पायऱ्या खाली गेली. हसता हसता तीही रडायला लागली, आणि रडता रडता पुन्हा हसायला. "पी नली," ती म्हणाली, "पी नली, तुम्ही माझ्याकडून खेळलात आणि तुम्हीच मला हरवलंत!"

मी खाली जाऊन बर्फाची पिशवी उचलून आणली आणि तिच्या गुडघ्याला बांधली.

"ते बाहेर होतं ना?" मी विचारलं. "तू अगदी जवळ होतीस. तुला दिसलं असेल."

ती बर्फाच्या पिशवीवरून बोट फिरवत राहिली.

"ते मी जिंकेन त्या दिवशी सांगेन," ती म्हणाली.

"आता कुठे जिंकणार? बँकेत?"

"कुठेही. पण तेव्हा आईची शंभर अंडी तुम्ही वाहायची. आईनं नाही. तुम्ही."

"मी अंड्याला हात लावत नाही, ऑय. आमच्या घरात अंडं आलेलं नाही कधी."

"म्हणूनच तर." तिनं तिच्या बॅगेतून एक छोटं चित्र काढलं, बसलेल्या बुद्धाचं, कडा झिजलेलं. "याच्यापुढे ठेवायची. स्वतः उकडायची. नऊ उदबत्त्या लावायच्या. आणि मग ती अंडी फेकायची नसतात, वाटायची असतात. कबूल?"

मी ते चित्र घेतलं. "कबूल."

"खा," ती म्हणाली.

सांगलीला परत आल्यावर मी लाइन जजचा कोट धुऊन, इस्त्री करून संघटनेला परत पाठवला. गानू सरांनी दोनदा फोन केला, मी नाही म्हटलं. लक्षवाती पुऱ्या झाल्या. आणि एक नेम वाढला, ज्याबद्दल मी कुणाला सांगितलं नव्हतं. आरतीला मी डोळे मिटत नाही. देवळात बायका विचारतात, "नलिनीताई, तुमचं ध्यान कसं लागतं हो असं टक्क बघून?" सून मृण्मयी तर पहिल्या गणपतीत घाबरलीच होती. मी नुसती हसते. डोळे आपणहून मिटायला येतात, मी त्यांना उघडं ठेवते. अजूनही रोज त्रास होतो.

ऑय बँकेच्या खिडकीत बसायला लागली. दरवर्षी त्यांच्या नवीन वर्षाला, आपल्या पाडव्याच्या आगेमागे, तिचं पोस्टकार्ड यायचं. त्यावर शब्द नसायचे. एक अंडं काढलेलं आणि त्या अंड्याला तोंड वाकडं केलेलं. म्हणजे अजून नाही. एका वर्षी अंड्याच्या डोळ्यांतून पाणी होतं आणि खाली लिहिलं होतं, 'आई गेली'. पुढच्या वर्षी अंड्याला पुन्हा नुसतंच वाकडं तोंड. एकदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर अंड्याच्या पायाला पट्टी. मी ती सगळी कार्डं दत्ताच्या फोटोमागे ठेवत गेले. बुद्धाचं चित्र फोटोपुढे. मृण्मयीनं एकदा विचारलं, "आई, ही अंडी कोण पाठवतं?" मी म्हटलं, "एक मैत्रीण. खेळाडू आहे." "अजून खेळते?" "अजून जिंकायची आहे," मी म्हटलं.

परवा संध्याकाळी मोबाइलवर तिचा फोटो आला. दोन बायका, केस पांढुरके, दोघींच्या गळ्यात पदक. एकीच्या गुडघ्याला काळा पट्टा. शेजारची ती नुई, असं खाली लिहिलं होतं. नऊ वर्षं एका ताटात जेवलेली, लग्न करून गेलेली नुई. मुलं मोठी झाली, परत आली. पंचेचाळीसच्या वरच्या बायकांची स्पर्धा होती. दुहेरी. विजेतेपद.

त्याखाली एक अंडं काढलेलं होतं. हसणारं.

मी देवघरापुढे खालीच बसले. मग दुसरा निरोप आला, मोठा. तोडक्यामोडक्या इंग्रजीतला. तो मी माझ्याच भाषेत लिहिते:

'पी नली, वचन दिलं होतं म्हणून सांगते. ते शटल आत होतं. अर्धं रेषेवर. मी पाहिलं. मी चुकून सोडलं. तुम्ही हात बरोबर दाखवला होतात. त्या दिवशी सांगितलं असतं तर तुम्ही तिथेच सुटला असता आणि आपल्या घरी गेला असता. मग आईनंतर माझ्या जिंकण्याची वाट बघणारं कोण राहिलं असतं? माझ्यावर रागवा. पण डोळे मिटले होते ते मिटलेच होते, म्हणून अंडी तुमचीच. खा.'

मी तो निरोप चार वेळा वाचला. राग आला का? आला. सोळा वर्षं. मग त्या कार्डांचा गठ्ठा काढला आणि ती सगळी वाकडी तोंडं एकेक करून बघितली, त्या रडणाऱ्या अंड्यापाशी थांबले. मग राग कुठे गेला कळलं नाही.

मी तिला एवढंच लिहिलं, 'नऊ उदबत्त्या, लक्षात आहे.'

काल रात्री जेवताना मी म्हटलं, "मृण्मयी, तुझ्या माहेरचं ते मोठं स्टीलचं पातेलं मला उद्या लागेल."

"घ्या ना. कशाला?"

"अंडी उकडायचीयत. शंभर."

मुलाचा घास हातातच राहिला. मृण्मयीनं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"तुम्ही? अंडी?"

"हो. घरात नाही. हॉलवर, मागच्या खोलीत शेगडी आहे. मुलींना वाटायचीयत."

अजून मी सकाळी शाळेच्या हॉलवर मुलींना शिकवायला जाते. पस्तीस मुली आहेत, दमल्यावर वाघासारख्या भुकेल्या असतात.

"अहो, पण किती वेळ उकडायची माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही. तुला?"

तिनं पानातली कोशिंबीर इकडून तिकडे केली. मग भाजीच्या वाटीकडे बघत म्हणाली, "बारा मिनिटं. पाण्यात मीठ घालायचं, म्हणजे फुटत नाहीत."

कुठून माहीत, असं मी विचारलं नाही. मुलगा पाणी प्यायला लागला आणि बराच वेळ पीतच राहिला.

आज पहाटे पूजा झाली. आरतीच्या वेळी डोळे मिटायला आले. आता मिटायला काय हरकत, असं वाटलं. पण उघडेच ठेवले. मग दत्ताच्या फोटोपुढचं ते झिजलेलं चित्र उचलून पदरानं पुसलं आणि पर्समध्ये ठेवलं. भस्माच्या डबीशेजारी उदबत्तीचा पुडा, मिठाची पुरचुंडी. पातेलं कापडात बांधून मृण्मयीनं रात्रीच दाराशी आणून ठेवलं होतं. ती अजून झोपलेली असेल म्हणून मी आवाज न करता दार ओढून घेतलं.

जिना उतरताना मोजत होते. एका ट्रेमध्ये तीस असतात म्हणे. म्हणजे तीन ट्रे आणि वर दहा. ती दहा सुटी, वेगळ्या पिशवीत घ्यावी लागतील. कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर अजून अर्धंच वर होतं. मी पातेलं खाली ठेवलं आणि दुकानासमोर जाऊन उभी राहिले.